आपल्याच माणसांना खडसावणारा पत्रलेखक : लोकहितवादी वाचताना

मागच्या दिवाळीत कड्याला घरी गेलो होतो. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना आमच्या एका तात्यांनी विचारलं, "कशावर चाललीय तुझी पीएचडी?" मी म्हटलं, "लोकहितवादी." तात्यांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे विचारलं, "ह्यो कोणता पक्ष?"

हसू आलं, पण नंतर वाटलं की तात्यांचा प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा बरा आहे. आपण नेट-सेटच्या अभ्यासात हे नाव ज्या पद्धतीने पाठ केलंय त्यात प्रश्नच नाही. शतपत्रे, लोकहितवादी, प्रभाकर, १८४८. चार शब्द, जोड्या लावा, दोन गुण. मीही तसंच पाठ केलं होतं. तात्यांनी निदान विचारलं तरी की हा माणूस कोणाच्या बाजूचा? गेली पावणेदोनशे वर्षं मराठीत त्यांच्यावर जे भांडण चाललंय ते याच प्रश्नावर चाललंय.

आधी साधी माहिती देतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. गोपाळ हरी देशमुख, जन्म १८२३, पुणे. मूळ आडनाव सिधये, देशमुखी वतनामुळे देशमुख. वडील हरिपंत हे दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. म्हणजे पेशवाई ज्या घरात नुसती ऐकीव नव्हती, जिच्यावर घर चाललं होतं, अशा घरातला हा मुलगा. पेशवाई गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. इंग्रजी शिकला, १८४४ मध्ये सरकारी नोकरीत भाषांतरकार झाला. दक्षिणेतल्या सरदारांच्या कारभारासाठी इंग्रजांनी पुण्यात एक एजंट नेमला होता, त्याच्या कचेरीत. आणि १८४८ च्या मार्च महिन्यापासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने त्याची पत्रं यायला लागली. तेव्हा वय पंचवीस. नाव 'शतपत्रे' पडलं, प्रत्यक्षात पत्रं १०८. दोनेक वर्षं हे चाललं.

इथे एक कबुली. माझ्या पहिल्या आराखड्यात मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की बापू गोखले ज्या आष्टीच्या लढाईत पडले ती आमच्या तालुक्याची आष्टी. कड्यापासून आष्टी किती लांब? लहानपणापासून ऐकत आलो होतो, त्यामुळे तपासायची गरजच वाटली नाही. मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "कुठली आष्टी?" फेब्रुवारी १८१८ ची ती लढाई सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला झाली. पंढरपूरच्या बाजूची. आमच्या आष्टीचा तिच्याशी काही संबंध नाही. ही चूक मुद्दाम सांगतोय, कारण लोकहितवादी ज्या गोष्टीवर तुटून पडले ती हीच होती. ऐकलेलं, आवडलेलं, आपल्या गावाला शोभणारं आहे म्हणून खरं मानायचं. १८४८ मध्ये ते पुणेकरांबद्दल बोलत होते, मी कडेकर आहे, एवढाच फरक.

आमच्या भागात आणखी एक अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती मात्र खरी आहे. खर्डा. जामखेडवरून पुढे गेलं की लागतो. मार्च १७९५ मध्ये तिथे मराठ्यांनी निजामाला हरवलं. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, सगळे पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र. निजामअलीला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि भलामोठा तह कबूल करावा लागला. आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे की जणू परवाच झाली.

आता पुढची वर्षं मोजा. त्याच १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. १८०२ च्या अखेरीला वसईचा तह. १८०३ मध्ये असई, म्हणजे पुन्हा आपल्याच मराठवाड्यात, जालन्याच्या बाजूला. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. खर्ड्यापासून शनिवारवाड्यापर्यंत अवघी बावीस-तेवीस वर्षं. एका पिढीच्या आत सगळं संपलं.

असं का झालं? या प्रश्नाला पुण्यात जी उत्तरं दिली जात ती ऐकायला सोपी होती. बाजीराव नादान निघाला. बाळाजीपंत नातूंनी घात केला. कलियुग आहे, देवाची इच्छा. तिन्ही उत्तरांत एक सोय आहे. दोष एका माणसावर जातो किंवा आकाशावर जातो, बाकीचे सगळे स्वच्छ राहतात. ओसरीवर बसून हे बोलणाऱ्याला स्वतःकडे बघावं लागत नाही.

लोकहितवादींनी ही सोय काढून घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एक बाजीराव नादान असेल, पण तो नादान आहे हे दिसत असूनही काही करता न येणारे एवढे लोक कुठून आले? ज्यांच्याकडे विद्या होती त्यांनी त्या विद्येचं काय केलं? अर्थ न समजता पाठांतर. शेजारी सात समुद्रांपलीकडून आलेले लोक राज्य करताहेत, ते कोण, कुठले, त्यांचा देश कसा चालतो, त्यांच्याकडे छापखाना का आहे, याची चौकशी करावी असं किती जणांना वाटलं? राज्य गेलं ते रणांगणात गेलंच नाही, ते अज्ञानाने आधीच गेलेलं होतं. आणि हे अज्ञान राजाचं नव्हे, तुमचं-आमचं. त्यातही सगळ्यात जास्त दोष ब्राह्मणांचा, कारण शिकणं-शिकवणं हा त्यांचा धंदा होता आणि तोच त्यांनी बुडवला.

हे लिहिणारा स्वतः चित्पावन ब्राह्मण. पुण्याचा. पेशव्यांच्या सेनापतीच्या फडणिसाचा मुलगा. त्या काळच्या वाचणाऱ्याला हे काय लागलं असेल याची कल्पना करा.

ही धार समजायला १८४८ साल नीट डोळ्यासमोर आणावं लागतं. पेशवाई जाऊन तीसच वर्षं झालेली. ती पाहिलेली माणसं घराघरात जिवंत होती. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची पेशव्यांची चाल होती, ती इंग्रजांनी एकदम बंद केली नाही. रक्कम बरीच कमी केली आणि १८२१ मध्ये त्याच पैशांतून पुण्याला संस्कृत पाठशाळा काढली. म्हणजे राज्य गेलं तरी मान पूर्ण गेला नव्हता, थोडा थोडा मिळत होता. माणसाची आत्मतुष्टी टिकायला एवढं पुरतं. त्याच साली साताऱ्याचे छत्रपती वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा करायचा रस्ता धरला. पुढे १८५४ मध्ये नागपूरही गेलं. म्हणजे मराठी राज्याचे उरलेसुरले तुकडे डोळ्यांदेखत जात असताना हा माणूस सांगतोय की रडू नका, आधी आरशात बघा. आणि त्याच साली, त्याच पुण्यात, जोतिराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली.

फुल्यांचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. बरेच विद्यार्थी दोघांना एकाच ओळीत बसवतात, 'ब्राह्मण्यावर टीका करणारे'. तसं करू नका. फुले बाहेरून बोलतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो हिशेब मागतोय. १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर ते हिशेब मागताना अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लोकांची आठवण काढतात. लोकहितवादी आतून बोलतात. ते घरच्या माणसांना खडसावताहेत आणि खडसावण्यामागे ही माणसं सुधारावीत, पुन्हा पुढे यावीत अशी आस आहे. फुल्यांना ती पुढे यायला नकोच होती, निदान त्या जागी नको होती. राग एकाच दिशेला असला तरी दोघांना हवं असलेलं जग वेगळं आहे.

आता भाषेबद्दल, कारण मला वाटतं निम्मी चीड भाषेमुळे होती. पत्रांची मराठी बोलल्यासारखी आहे. आखूड वाक्यं, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा, मध्येच सरळ 'मूर्ख' म्हणून मोकळं होणं. संस्कृत पंडिताची प्रौढी नाही आणि इंग्रजी शिकलेल्याचं अवघडलेपणही नाही. कधी कधी अतिशय एकसुरी होतात, हे मी भक्त असूनही सांगतो. सलग वाचायला बसलात तर विसाव्या पत्राच्या आसपास कंटाळा येतो. पण ती सलग वाचायसाठी लिहिलेलीच नव्हती. आठवड्याला एक आणि तेही वर्तमानपत्रात. आठ दिवसांनी एक चापट आणि एकामागून एक शंभर चापट्या, यात फरक आहे. आपण पुस्तक म्हणून वाचतो आणि मग लेखकाला कर्कश म्हणतो. संशोधनात ही चूक फार होते. पत्र, अग्रलेख, भाषण, कीर्तन, जे जसं ज्याच्यासमोर आलं तसं आधी डोळ्यासमोर आणायचं.

विषय तरी किती! विधवांचे हाल, बालविवाह, मुलींना शिकवणं, जातींमधला भेद, भिक्षुकी, लग्नातला खर्च, पुस्तकालयं हवीत, वर्तमानपत्रं वाचा, परदेशी माल घेऊ नका. शेवटचं पुन्हा वाचा. १८४८-४९ च्या सुमाराला हा माणूस सांगतोय की देशात पिकेल आणि बनेल त्यावर भागवा, कापड जाडंभरडं असलं तरी इथलंच नेसा. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले ते त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. आणि पार्लमेंट. विलायतेला अर्ज करून इथे आपलं पार्लमेंट मागावं, त्यात शहाण्या माणसांना जातपात न बघता घ्यावं, असं ते लिहितात. काँग्रेसची स्थापना १८८५. मधली सदतीस वर्षं मोजा.

पण थांबा. इथेच प्रकरण अवघड होतं.

हाच माणूस इंग्रजी राज्याला ईश्वरी योजना म्हणतो. इंग्रज आपले गुरू म्हणून आलेत, आपण शिकेपर्यंत ते राहतील, शिकलो की जातील, आणि जुलूम करू लागले तर अमेरिकेने जे केलं तेच इथेही होईल. पहिला अर्धा भाग वाचला तर खुशमस्कऱ्या वाटतो, दुसरा वाचला तर राजद्रोही. एकच लेखक, एकच विचार. मला तर वाटतं ही त्यांच्या डोक्यातली गणिती मांडणी होती: राज्य अज्ञानाने गेलं, तर ज्ञानाने परत येईल, आणि ज्ञान आत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचं. तर्क सरळ आहे. अडचण एवढीच की यात इंग्रज फुकट शिकवायला आलेत असं गृहीत आहे. गुरू दक्षिणा किती घेतो हे या मांडणीत नीट बसत नाही. देशाच्या दारिद्र्याबद्दल लिहिताना व्यापार परक्यांच्या हातात गेलाय हे ते बघतात, पण ते दोन धागे एकत्र गुंफत नाहीत. ते काम पुढे दादाभाई नौरोजींनी केलं.

आणि नोकरी. पत्रं लिहीत होते तेव्हा सरकारी नोकर होतेच. पुढे १८५२ मध्ये वाईला मुनसफ, मग इनाम कमिशनवर. इनाम कमिशन म्हणजे काय, तर पेशवाईपासून चालत आलेल्या इनामांची कागदपत्रं तपासून जी टिकणार नाहीत ती सरकारजमा करायची. त्या काळी घराघरात शिव्या खाल्लेलं खातं. नंतर अहमदाबाद, नाशिक इथे न्यायाधीश, रावबहादूर, मुंबईच्या कायदेमंडळात, रतलाम संस्थानचे दिवाण. १८९२ मध्ये वारले. आता तात्यांचा प्रश्न पुन्हा विचारा: हा कोणता पक्ष?

हा प्रश्न सगळ्यात जोरात विचारला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. योगायोग बघा, विष्णुशास्त्र्यांचा जन्म १८५० चा, म्हणजे शतपत्रे संपत आली तेव्हाचा. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी 'निबंधमाला' काढली तेव्हा ते चोविशीच्या आत होते. लोकहितवादींनी ज्या वयात पत्रं सुरू केली जवळपास त्याच वयात. निबंधमालेतून त्यांनी लोकहितवादींना असं झोडपलं की पुढच्या दोन पिढ्यांनी लोकहितवादी वाचले ते चिपळूणकरांच्या चष्म्यातून. नुसती शिवीगाळ असती तर मी इथे वेळ घालवला नसता. त्यांचा मुद्दा पक्का होता. जो समाज आधीच हरलेला आहे, ज्याला रोज राज्यकर्ता सांगतोय की तू नालायक आहेस, त्याला त्याच्याच घरातल्या माणसाने पुन्हा तेच सांगायचं? याने तो उठेल की आणखी खचेल? चिपळूणकर इंग्रजी विद्येचे विरोधक नव्हते, उलट तिला वाघिणीचं दूध म्हणणारे ते हेच. सरकारी शाळेतली नोकरी सोडून १८८० मध्ये टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढणारे. त्यांचं भांडण विद्येशी नव्हतं. ते म्हणत होते की स्वाभिमान मोडून दिलेली विद्या काय कामाची?

मी यावर बराच काळ डळमळीत होतो. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर चिपळूणकर मला बरोबर वाटायचे. नगरला शिकायला गेलो तेव्हा बीड जिल्ह्याचा म्हटल्यावर लोक काय काय बोलतात ते ऐकलंय. दुष्काळ, ऊसतोड, मागास. अशा वेळी आपल्याच गावच्या माणसाने वर्तमानपत्रात लिहिलं की हो, आम्ही तसेच आहोत आणि दोष आमचाच, तर राग येतो. तो राग खोटा नाही. चिपळूणकरांचा राग मला तिथून कळला.

मत बदललं ते एका साध्या गोष्टीमुळे. मी दोघांचे वाचक कोण हे बघायला लागलो. 'आम्ही' हा शब्द दोघेही वापरतात. लोकहितवादींच्या पत्रांत 'आम्ही' कधी ब्राह्मण असतो, कधी हिंदू लोक, कधी सगळा हिंदुस्थान, आणि हे एकाच पत्रात घसरत जातं. ब्राह्मणांबद्दल सुरू झालेलं वाक्य देशाबद्दल होऊन संपतं. आधी मला ही ढिलाई वाटली. मग लक्षात आलं की चिपळूणकरांच्या 'आमच्या देशा'तही तेच आहे, फक्त तिथे ते कौतुकाच्या बाजूने आहे. देशाचा अपमान झाला म्हणून जो चिडतो त्याच्या मनातला देश किती मोठा? त्यात कड्यातला कुणबी होता का? विधवा होती का? लोकहितवादींनी ज्यांना खडसावलं त्यांच्याकडे गमवायला मान तरी होता. ज्यांच्याकडे तो कधीच नव्हता त्यांचा स्वाभिमान या पत्रांनी मोडायचा प्रश्न कुठे येतो?

एवढ्याने चिपळूणकर चूक ठरत नाहीत. त्यांचा प्रश्न जिथे लागू आहे तिथे लागू आहे. मात्र तो सगळ्यांच्या वतीने विचारलेला नव्हता.

याला जोडून आमच्या बाजूची एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८४८ मध्ये कडा, आष्टी, बीड हे सगळं निजामाच्या राज्यात. इंग्रजांची हद्द नगरच्या अलीकडे संपायची. कारभार फारसीत, पुढे उर्दूत. मराठी बोलणारे सगळे, पण मराठीतलं हे भांडण आपल्या दारापर्यंत आलं कधी, आणि कसं? आमच्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, नगरला, अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केलं होतं. त्यातही हिंदूंच्या चालीरीतींवर टीका असायची. म्हणजे हद्दीपलीकडे बाहेरच्यांची टीका छापली जात होती, पुण्या-मुंबईत आतल्याची टीका छापली जात होती, आणि आपण दोन्हींच्या बाहेर. लोकहितवादींच्या विरोधकांना सोपं जायचं ते यामुळेच. मिशनरी म्हणतात तेच हा म्हणतो, संपलं. वास्तविक मिशनऱ्याला धर्म बदलायचा होता आणि याला धर्म ठेवून माणूस बदलायचा होता. उतारवयात तर ते आर्यसमाजाच्या कामात होते. पण टीकेची वाक्यं सुटी काढली तर दोन्ही सारखीच दिसतात. तुम्ही अवतरणं गोळा करून प्रबंध लिहिणार असाल तर इथे नक्की फसाल.

मराठवाड्याला स्वतःचा लोकहितवादी मिळाला का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आपली स्वतःची आरामशीर गोष्ट आहेच की. संतांची भूमी. आद्यकवी मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे. खर्डा आमच्या शिवेवर, राक्षसभुवन आमच्या जिल्ह्यात. आणि बाकी जे वाईट झालं ते निजामाने केलं, १९४८ नंतर पश्चिम महाराष्ट्राने केलं. यातलं बरंच खरं आहे. १९५८ पर्यंत मराठवाड्याला विद्यापीठ नव्हतं ही काही कल्पना नाही. पण दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली वाड्या-वस्त्यांवरची निम्मी घरं कुलूप लावून कारखान्यांवर जातात, शाळेतली पोरं बरोबर जातात, आणि गावात सप्ताह मात्र दणक्यात होतो, यावर आपल्यातल्या कोणी खडसावून लिहिलं तर आपण काय म्हणू? हे लिहून झाल्यावर मी ते एकदा पुसलं होतं. पुन्हा लिहिलंय.

जगात इतरत्रही असं घडलंय, थोडक्यात सांगतो. नॉर्वे त्या काळी लहान देश, स्वीडनच्या राजाखाली, स्वतःच्या डोंगरदऱ्या आणि साध्याभोळ्या शेतकऱ्यांचं कौतुक करणारा. इब्सेनने आपल्या नाटकांतून त्या कौतुकाला टाचणी लावली. पण इब्सेन सत्तावीस वर्षं देशाबाहेर राहिला, इटली-जर्मनीत बसून लिहिलं. आयर्लंडमध्ये सिंजच्या नाटकावर १९०७ मध्ये डब्लिनच्या थिएटरात दंगल झाली, कारण त्याने आयरिश खेडुतांना संत दाखवलं नाही. तिथेही आक्षेप तोच, चिपळूणकरी: इंग्रज आधीच हसतोय, तू कशाला हसवतोस? लोकहितवादींचं वेगळेपण असं की ते बाहेर गेले नाहीत. ज्यांना मूर्ख म्हटलं त्यांच्याच गावात, त्यांच्याच पंक्तीला. टोपणनाव होतं खरं. कोणी म्हणेल भित्रेपणा. असेलही थोडा. बोलके सुधारक म्हणून त्यांच्या पिढीला नंतर हिणवलं गेलं, आणि लिहिण्याइतकं करणं त्यांना जमलं नाही हा आक्षेप मला खोडता येत नाही. मात्र टोपणनावाची एक बाजू अशीही आहे की 'लोकहितवादी' म्हटल्यावर वाचणाऱ्याला घराणं, शाखा, पगार दिसत नाही. युक्तिवादाशी भांडावं लागतं. आडनाव कळलं की आपल्याकडे भांडण तिथेच मिटतं.

आता तुमच्यापैकी जे कोणी पेटच्या मुलाखतीसाठी किंवा आराखड्यासाठी हा विषय घेऊ बघताहेत त्यांच्यासाठी थोडं. 'लोकहितवादींचे सामाजिक विचार : एक अभ्यास' हे शीर्षक कृपा करून देऊ नका. असे प्रबंध झालेत, भरपूर झालेत. विचार काय होते हे माहीत आहे. जे अजून नीट माहीत नाही ते असं की ही पत्रं वाचली कोणी, उत्तरं कोणी दिली, आणि कोणत्या पत्राने सगळ्यात जास्त आग लागली. 'प्रभाकर' भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये मुंबईत काढलेलं साप्ताहिक. त्याच्या उरलेल्या अंकांत या पत्रांच्या आजूबाजूला काय छापलं होतं, जाहिरात कोणती, बातमी कोणती, वाचकाचं पत्र कोणतं, हे बघितल्याशिवाय नुसत्या संपादित पुस्तकावर विसंबू नका. पत्रं लोकहितवादींच्या हयातीतच 'निबंधसंग्रहा'त आली, पुढे श्री. रा. टिकेकर, पु. ग. सहस्रबुद्धे यांच्यासारख्यांनी ती संपादित केली. संपादकांचे उपकार आहेतच. पण प्रत्येक संपादक त्याच्या काळाला हवा असलेला लोकहितवादी पुढे ठेवतो. प्रस्तावना आधी वाचू नका. शेवटी वाचा. मी उलटं केलं आणि सहा महिने दुसऱ्याच्या मताशी भांडत बसलो.

आणि दोन प्रती शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. पत्राची तारीख एका रकान्यात, त्या आठवड्यात पुण्यात-मुंबईत काय चाललं होतं ते दुसऱ्यात. १८४९ मध्ये दक्षिणेच्या पैशांतला काही भाग मराठी पुस्तकांसाठी द्यावा असा अर्ज पुण्यातल्या काही तरुणांनी केला, त्यात लोकहितवादी होते, आणि त्यावरून शहरात रण माजलं. त्याच्या आगेमागे आलेली पत्रं या नजरेने वाचली की कळतं, ती हवेतला उपदेश नव्हता. समोर माणसं उभी होती. ज्यांची दक्षिणा जाणार होती ती माणसं.

तात्यांना मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते राहिलंच. मी म्हटलं, "तात्या, पक्ष नाही. पेपरात पत्रं लिहायचा. आपल्याच लोकांना शिव्या द्यायचा." तात्या म्हणाले, "मग लोक ऐकायचे व्हय?" मी म्हटलं, "नाही ऐकायचे." तात्यांनी दोघांच्या चहाचे पैसे दिले, चपला पायात घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "तरी शंभर लिहिली?"

मी म्हटलं, "एकशे आठ."